‘संधी नाही’च्या रकान्यातली मुलं

बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला मुलाला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेलेली आई तिथले प्रश्न ऐकून चक्रावते. पाढे येतात का, बाराखडी लिहितो का, याची तयारी तिनं मनाशी केलेली असते. विचारलं जातं ते वेगळंच. तहान लागली की स्वतः पाणी घेऊन पितो का? शर्टाची बटणं लावतो का? शौचाला एकटा जातो का? घरातलं एखादं काम नेमानं करतो का? शाळेत कुणी सोबत नसताना जातो का? दुकानातून बारीकसारीक वस्तू आणतो का? दुसऱ्या मुलांत मिसळून खेळतो का? आई आठवून आठवून सांगते, तपासणारा खुणा करत जातो आणि शेवटी एक आकडा निघतो. त्याला सामाजिक गुणांक म्हणतात.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या आईबापांना सहसा ठाऊक नसतं की ही प्रश्नावली त्यांच्या जवळच्याच शहरात घडली. मूळ मोजपट्टी अमेरिकेची. न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड गावी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी एक नामवंत संस्था होती. तिथले मानसशास्त्रज्ञ एडगर डॉल यांनी १९३५ साली सामाजिक परिपक्वता मोजण्याची पट्टी तयार केली. सांताक्लॉज खराखुरा नसतो हे मुलाला कळलं आहे का, असाही एक प्रश्न त्या मूळ पट्टीत होता. वैनगंगेकाठच्या लेकराला असल्या प्रश्नानं जोखण्यात अर्थ नव्हता. नागपुरात काम करणाऱ्या ए. जे. मॅलिन यांनी या पट्टीला भारतीय रूप दिलं. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ८९ बाबी असलेली ती पट्टी देशभरातले मानसशास्त्रज्ञ आजही ‘नागपूर रूपांतर’ या नावानं ओळखतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच बालाघाटची राजधानी होती. राज्याची सीमा मध्ये आली तरी मोठ्या दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, लग्नाच्या खरेदीसाठी गोंदिया-नागपूरची वाट या जिल्ह्यानं सोडलेली नाही.

डॉल यांच्या पट्टीत दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत आणि शाळांनी त्या दोन्हींकडे दुर्लक्ष केलं आहे. पहिली अशी की ही पट्टी मुलाला काय करता येईल हे विचारत नाही. तो रोजच्या जगण्यात काय करतो, हे विचारते. दुसरी गोष्ट खुणांची. जमतं आणि जमत नाही यांच्याखेरीज डॉल यांनी आणखी एक खूण ठेवली होती: संधी मिळाली नाही. एखादं मूल ती गोष्ट करू शकलं असतं, पण घरच्यांनी, शाळेनं किंवा परिस्थितीनं त्याला कधी करूच दिली नाही, असं दिसलं तर ही वेगळी खूण करायची. नव्वद वर्षांपूर्वी एका मानसशास्त्रज्ञाला हे सुचलं होतं. आपल्या शाळांत मात्र असा रकानाच नाही. तिथं न जमणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं खापर मुलाच्या बुद्धीवर फुटतं.

आणि या आकड्यावर पुढचं बरंच काही ठरतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सामाजिक गुणांक ५५ ते ६९ असेल तर दिव्यांगत्व ५० टक्के, ३६ ते ५४ असेल तर ७५ टक्के, २१ ते ३५ असेल तर ९० टक्के आणि त्याहून कमी असेल तर १०० टक्के धरलं होतं. टक्क्यांवर सवलती ठरतात, पेन्शन ठरते. घरच्यांच्या मनात तर त्या टक्क्यांचा मुलाच्या नशिबावर शिक्काच बसतो. खरं तर त्या आकड्यात मुलाच्या मेंदूइतकाच वाटा त्याला मिळालेल्या, न मिळालेल्या संधींचाही असतो. बाजारात कधी नेलंच नाही त्या मुलाला बाजार करता येत नाही, यात त्याच्या बुद्धीबद्दल नवं काही कळत नाही.

बालाघाट जिल्ह्यात दहा विकासखंड आहेत. वारासिवनी, खैरलांजी, लांजी, किरनापूर हा भाताचा सपाट मुलूख. बैहर, बिरसा, परसवाडा हा जंगलाचा, गोंड-बैगा वस्तीचा भाग. दोन्हीकडे चित्र सारखंच दिसतं. शिक्षण हक्क कायदा आला तसं बौद्धिक अक्षमता असलेलं मूल शाळेच्या हजेरीपटावर आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा आणि जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत शिकण्याचा हक्क दिला. नाव लागलं, गणवेश मिळाला, पुस्तकं मिळाली. मूल वर्गात येऊन बसतं. मास्तर प्रेमळ असतील तर जवळ बसवून पाटीवर ‘अ’ गिरवायला देतात, आणि चौथीपर्यंत ते मूल ‘अ’च गिरवत राहतं. कठोर असतील तर ते मागच्या कोपऱ्यात बसतं. शाळा सुटताना त्याला न्यायला कुणीतरी येतं. या सहा तासांत त्याच्याशी वर्गातलं एकही मूल स्वतःहून बोललं नाही, याची नोंद कुठं होत नाही.

घरी याहून वेगळं नसतं, पण कारण वेगळं असतं. तिथं मायेपोटी संधी जाते. आजी घास भरवते, कारण स्वतः खाल्लं तर सांडवतो. आई बटणं लावते, कारण बसची वेळ झालेली असते. लग्नाला जाताना त्याला शेजाऱ्यांकडे ठेवतात, कारण लोक बघतात, हसतात, कुणी चारचौघांत उपदेश करतं. प्रत्येक कारण त्या क्षणी खरं असतं. दहा वर्षांत अशा क्षणांची बेरीज होते आणि मग रुग्णालयातल्या टेबलापाशी आई ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ म्हणत जाते. या आईला दोष देणं अन्यायाचं आहे. शिकवायचं कसं हे तिला कुणी दाखवलेलं नसतं, आणि दाखवण्याची पहिली जबाबदारी शाळेची आहे.

कसं शिकवायचं, हे गूढ राहिलेलं नाही. समजा, खैरलांजीकडच्या एखाद्या गावातली अकरा वर्षांची मुलगी आहे. घरी पोवारी बोलते, बौद्धिक अक्षमता मध्यम आहे, आकडे दहापर्यंत कसेबसे येतात. तिला आठवडी बाजारातून दहा रुपयांचा सांबार, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर, आणायला शिकवायचं आहे. आपल्याला ही एक गोष्ट वाटते. तिच्यासाठी ती आठ-दहा गोष्टींची माळ आहे. पिशवी घ्यायची. नोट मुठीत धरायची. भाजीवालीच्या समोर जाऊन थांबायचं. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असेल तर मध्ये बोलायचं नाही. तिनं पाहिलं की ‘मावशी, दहाचा सांबार द्या’ म्हणायचं. नोट पुढं करायची. जुडी पिशवीत ठेवायची. मग निघायचं.

विशेष शिक्षक ही माळ शेवटाकडून शिकवायला घेतात. पहिल्या बाजारी बाकी सगळं मोठ्या माणसानं करायचं आणि मुलीनं फक्त जुडी पिशवीत ठेवायची. ते जमलं की शाबासकी तिथल्या तिथं, घरी गेल्यावर नाही. पुढच्या खेपेला नोटही तिनंच द्यायची. मग बोलणंही तिचं. असं मागून पुढं येत गेलं की प्रत्येक वेळी तिच्या हातून काम पुरं होतं. अर्धवट सोडून दिल्याची, कुणीतरी हातातून हिसकावून घेतल्याची भावना येत नाही. आधारही असाच उतरत्या क्रमानं काढायचा असतो. आधी कोपराला हात, नंतर नुसतं बोट दाखवणं, नंतर नजरेची खूण, नंतर काही नाही. या कामाचं सगळं कौशल्य शेवटच्या टप्प्यात आहे. आधार वेळेत काढला नाही तर मुलगी बाजार शिकत नाही, आईच्या नजरेकडे बघायला शिकते.

इथं एक अडचण नवी आहे. बाजारात आता टोपलीपाशीही क्यूआर कोड टांगलेला असतो आणि मोठी माणसं मोबाइल दाखवून पुढं जातात. या मुलांना हातात धरता येणारी नोट सोपी जाते, कारण ती दिसते, दिली की जाते, चिल्लर परत येते. त्यांच्यासाठी घरात रोख पैशांचा व्यवहार मुद्दाम शिल्लक ठेवावा लागेल.

दुसरी अडचण भाजीवालीची. मुलगी समोर उभी असते, पण भाजीवाली तिच्या डोक्यावरून आईला विचारते, ‘काय पाहिजे तिला?’ तिच्या मनात वाईट काही नसतं. आईनं हसून ‘तिलाच विचारा ना, मावशी’ म्हटलं तर दोन-तीन बाजारांत भाजीवालीही शिकते. समाजकौशल्याचा धडा नेहमी दोन माणसांचा असतो आणि दुसऱ्या माणसाला शिकवायला आपण विसरतो.

काही शाळांत यासाठी ‘खोटं खोटं दुकान’ मांडलं जातं. प्लॅस्टिकचे टोमॅटो, कागदाच्या नोटा, बाई दुकानदार. तालमीपुरतं ते ठीक आहे. तिथंच थांबलं तर मात्र हाती फारसं लागत नाही. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर या अमेरिकी अभ्यासकांनी १९७७ साली एका लेखात हे दुखणं नेमकं पकडलं होतं. एका जागी शिकवलेलं दुसऱ्या जागी वापरलं जावं यासाठी शिकवणारे काय करतात, हे त्यांनी त्या काळच्या प्रकाशित कामातून तपासलं. सर्वांत जास्त आढळलेली पद्धत होती शिकवायचं आणि पुढं होईल अशी आशा करायची. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना एका ठिकाणचं शिकणं दुसऱ्या ठिकाणी नेणं हेच सर्वांत अवघड जातं. म्हणून शिकवण्याची जागा खरी हवी, माणसं खरी हवीत, आणि ती बदलती हवीत. आज ही भाजीवाली, पुढच्या आठवड्यात दुसरी.

या दृष्टीनं पाहिलं तर प्रत्येक सरकारी शाळेत एक उत्तम प्रयोगशाळा आधीच आहे: दुपारचं जेवण. बालवाटिकेपासून आठवीपर्यंत रोज, ठरल्या वेळी, तीच माणसं, तीच ताटं. एका जेवणात किती धडे आहेत बघा. हात धुवायला रांगेत उभं राहायचं आणि पुढच्याला ढकलायचं नाही. ताट दोन्ही हातांनी धरायचं. वाढणाऱ्या ताईकडे बघून ‘अजून थोडं’ किंवा ‘बस’ म्हणायचं. बोलता येत नसेल तर हातानं खूण करायची किंवा चित्राचं कार्ड दाखवायचं. कुणाशेजारी बसायचं ते स्वतः निवडायचं. शेजाऱ्याच्या ताटातलं उचलायचं नाही. सांडलं तर सांगायचं. ताट धुवून जागेवर ठेवायचं. यातली एकच बाब घेऊन तीन आठवडे चिकाटीनं शिकवली तर ती रोज वापरली जाते आणि वापरली जाते म्हणून टिकते. यासाठी वेगळा तास लागत नाही, वेगळी खोली लागत नाही. लागतं ते एवढंच की त्या अर्ध्या तासात एका मोठ्या माणसाचं लक्ष या मुलाकडे असावं आणि आज काय शिकवायचं हे त्याला ठाऊक असावं.

बहुतेक ठिकाणी घडतं ते याच्या उलट. गोंधळ नको म्हणून या मुलाला आधी किंवा सर्वांत शेवटी, वेगळं बसवून वाढलं जातं. हेतू चांगला असतो. रोजची मिळणारी संधी मात्र रोज जाते.

सोबतच्या मुलांचं काय, हा प्रश्न शिक्षकांना सर्वांत कमी विचारला जातो आणि खरं उत्तर तिथंच आहे. मोठ्या माणसानं शंभर वेळा सांगून जे येत नाही ते बरोबरीच्या पोराच्या एका हाकेनं येतं. लगोरीत भिडूची वाट पाहणं, हरल्यावर न चिडणं, आपली पाळी ओळखणं या गोष्टी खेळणाऱ्या मुलांकडूनच शिकता येतात. पण ‘याला सांभाळून घ्या रे’ एवढं सांगून भागत नाही. वर्गाला नेमकं शिकवावं लागतं: त्याला बोलवायचं तर समोर जाऊन नावानं हाक मारा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो, मनात दहापर्यंत मोजा, त्याला कळलं नाही तर तेच पुन्हा करून दाखवा, ओरडू नका. नऊ-दहा वर्षांची मुलं हे फार लवकर आत्मसात करतात.

यातला धोकाही सांगायला हवा. वर्गातली एखादी समंजस मुलगी, आणि ती बहुधा मुलगीच असते, या मुलाची कायमची ताई बनते. त्याचं दप्तर उचलते, त्याच्या वतीनं बोलते, त्याला शौचालयापर्यंत नेते. सगळे तिचं कौतुक करतात. तिचं स्वतःचं खेळणं बुडतं आणि त्याला मैत्रीण मिळत नाही, परिचारिका मिळते. सोबती दर आठवड्याला बदलायला हवेत, आणि या मुलाकडेही दुसऱ्यासाठी करायचं काम हवं: घंटा देणं, हजेरीपट आणणं, रोपांना पाणी घालणं. ज्याच्याकडून कुणाला काही मिळत नाही त्याच्याशी बरोबरीचं नातं जुळत नाही.

भाषेचा पेच या जिल्ह्यात विशेष आहे. शाळा हिंदीत चालते. घरी कुणी पोवारी बोलतं, कुणी मराठी, कुणी लोधी, बैहरकडे गोंडी. साधारण मूल दोन-तीन वर्षांत दोन्ही भाषा सांभाळतं. ज्या मुलाला एक शब्द पक्का व्हायला महिने लागतात, त्याला घरी ‘पाणी दे’ आणि शाळेत ‘पानी दीजिए’ असे दोन धडे देणं म्हणजे दोन्ही कच्चे ठेवणं. आणि लोकांत मिसळणं म्हणजे मुख्यतः कुणाला काय म्हणायचं, कुणाशी किती मोकळं व्हायचं, हेच तर असतं. ते घरच्या भाषेत रुजलेलं असतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिक्षण द्यावं असं म्हटलं आहे. सगळ्या वर्गासाठी ते व्हायला वेळ लागेल. या मुलांसाठी मात्र निदान ओळखीचं बोलणं, मागणं, नाकारणं, हाक मारून मदत मागणं घरच्या भाषेत पक्कं करावं आणि मग हिंदी जोडावी. ज्या शिक्षकांना पोवारी किंवा गोंडी येते त्यांनी या मुलांशी ती बोलण्यात संकोच करू नये.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत ‘सामाजिक कौशल्य’ या नावाखाली बरीच सक्तीही होते. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ म्हणून हनुवटी धरणारे शिक्षक आजही आहेत. अनेक स्वमग्न माणसांनी मोठेपणी सांगितलं आहे की समोरच्याच्या डोळ्यांत पाहताना त्यांना त्याचं बोलणंच ऐकू येत नाही. ब्रिटनमधले स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दुतर्फा असतं: स्वमग्न माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही स्वमग्न माणसाचं कळत नाही. म्हणून त्या मुलानं सगळ्यांसारखं दिसावं हे ध्येय नसावं. त्याला हवं ते मागता यावं, नको ते सांगता यावं, गोंगाट असह्य झाला तर बाहेर जाण्याची खूण करता यावी. तो हात हलवत असेल, बाकाखाली बघत ऐकत असेल, तर बिघडलं काय?

‘नाही’ म्हणायला शिकवणं हा तर या सगळ्यातला सर्वांत टाळला जाणारा धडा आहे. विशेष मुलांना शिकवलेलं बरंचसं आज्ञापालन असतं. नमस्कार कर, पाया पड, काकांना गोड पापा दे. मूल आठ वर्षांचं असताना येईल त्याच्या गळ्यात पडतं आणि सगळे हसतात. ते पंधरा वर्षांचं होतं आणि तेच करतं, तेव्हा कुणी तक्रार करतं, कुणी मारतं. मुलीच्या बाबतीत याहून वाईट घडतं. १९९१ च्या ‘चौकट राजा’मधला दिलीप प्रभावळकरांचा नंदू मराठी प्रेक्षकांच्या मनात घर करून आहे आणि त्या चित्रपटानं पुष्कळ घरांत या विषयाचा संकोच मोडला. पण त्यातून उरलेली ‘ही माणसं कायम लहानच’ ही समजूत घातक आहे. शरीर लहान राहत नाही. कोण कुठं हात लावू शकतं, आंघोळीला कोण मदत करू शकतं, अनोळखी माणसाला हात जोडायचे आणि मिठी फक्त कुणाकुणाला मारायची, हे चित्रांनी, बाहुलीनं, पुन्हा पुन्हा, वयात येण्याच्या आधी शिकवावं लागतं. पॉक्सो कायद्यात बालकाच्या दिव्यांगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार अधिक गंभीर गुन्हा मानला आहे. मात्र हे संरक्षण वयाच्या अठरापर्यंतच. मानसिक वय लहान असलं तरी वय शरीराचंच धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ‘ईरा’ खटल्यात स्पष्ट केलं. त्या खटल्यातली स्त्री अडतीस वर्षांची होती आणि तिचं मानसिक वय सहा ते आठ वर्षांचं सांगितलं गेलं होतं. म्हणजे शाळेच्या वर्षांत जे शिकवलं जाईल तेवढीच शिदोरी.

मराठी मुलखाला या कामाची जुनी परंपरा आहे. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्यानं डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या जय या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील संस्था. पुण्यात सिंधूताई जोग यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ उभी केली. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली ‘प्रबोधिनी’ सुरू केली, तीही स्वतःच्या मुलाला वाढवतानाच्या अनुभवातून. बदलापूरची ‘आधार’ पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. ‘आमच्या मागे याचं कसं होणार’ या प्रश्नातून. या संस्थांत मुलं मेणबत्त्या करतात, फायली बनवतात, पाकिटं चिकटवतात. शेजारच्या माणसासोबत एका टेबलावर तासन्‌तास बसून काम करणं, जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारणं, रागावलं तर उठून बाहेर जाणं, ही त्या कार्यशाळांची मोठी कमाई असते. अलीकडे जय वकील संस्थेनं तयार केलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम महाराष्ट्रानं बौद्धिक दिव्यांगांच्या विशेष शाळांत आणला. अशा साहित्याचा उपयोग बालाघाटला का होऊ नये? वैनगंगेच्या या तीरावरचं आणि त्या तीरावरचं मूल वेगळं नाही. मध्य प्रदेशच्या शिक्षण विभागानं हे साहित्य मागवून हिंदीत आणि जिथं जमेल तिथं पोवारी-गोंडीत उतरवून घेतलं तर सगळं मुळापासून करत बसावं लागणार नाही.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक. दोघांत पाच इयत्ता, वर सर्वेक्षणं, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं. त्यात हे मूल. म्हणूनच विशेष शिक्षकांचा प्रश्न दयेवर सोडून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि त्यानंतर केंद्रानं २०२२ मध्ये प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला की पदं मंजूर करा आणि जाहीर करा. गावोगाव फिरून महिन्यातून एखादी भेट देणारा शिक्षक बाजारची माळ शिकवू शकत नाही. तो फार तर वही बघू शकतो.

तरीही नियमित शिक्षकाच्या हाती काही उरतं, आणि ते क्षुल्लक नाही. या मुलांसाठी जो वैयक्तिक आराखडा करतात त्यात ‘एक ते वीस अंक ओळखणे’ असं लिहून मोकळं होण्याची रीत पडली आहे. त्यात दर सहामाहीला दोन सामाजिक उद्दिष्टं लिहिता येतील. मोघम नव्हे, ‘सगळ्यांशी चांगलं वागणे’ असली तर मुळीच नव्हेत. ‘जेवणाच्या रांगेत कुणाच्या मदतीशिवाय उभा राहील, आठवड्यातून चार दिवस’ असं लिहिलं तर ते झालं की नाही हे कुणालाही बघता येतं. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. उपकरणांना आणि शिबिरांना तो निधी लागतोच. पण चित्रकार्डं, बाजारापर्यंतचं बसभाडं, सोबतच्या मुलांसाठी एखादी कार्यशाळा, यांचाही विचार जिल्हा पातळीवर व्हायला हरकत नाही.

पालकांच्या हातीही एक दोरी आहे आणि ती कायद्यानं दिलेली आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती सक्तीची आहे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर जागा द्यावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलांचा या वंचित गटात समावेश झाला. म्हणजे लांजीच्या किंवा लालबर्राच्या शाळेत असं मूल शिकत असेल, तर त्याच्या आईला समितीत बसण्याचा दावा करता येतो. तिथं तिनं मागण्यासारखं पुष्कळ आहे: माझ्या मुलाचा आराखडा मला वाचून दाखवा, त्यात सामाजिक उद्दिष्ट कोणतं आहे ते सांगा, ते शिकवताना घरी मी काय करू ते दाखवा, जेवायला त्याला वेगळं बसवू नका, आणि शनिवारच्या बालसभेत त्यालाही काही काम द्या. मुख्याध्यापकांनी या मागण्या समितीच्या कार्यवृत्तात नोंदवून जनपद शिक्षण केंद्राकडे पाठवल्या, तर पुढच्या वेळी मूल प्रमाणपत्राच्या फेरतपासणीला जाईल तेव्हा तपासणाऱ्याला सांगण्यासारखं आईजवळ काही असेल.